विचारायचं नसतं

हवाईतल्या वाइकोआच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायला परवाना लागतो आणि परवान्याच्या कागदामागे बारीक अक्षरांत बावीस नियम छापलेले असतात. ते कुणी वाचत नाही. कागदावर नसलेले नियम मात्र क्लॅरेन्स कालुहिवाकडून शिकावे लागत. अठ्ठावीस वर्षं तो या किनाऱ्याचा राखणदार होता. संडास धुणं, कचऱ्याची पिंपं रिकामी करणं, गळके नळ दुरुस्त करणं, शुक्रवारी येणाऱ्यांचे परवाने तपासणं आणि बुधवारी सकाळी आठला सगळा किनारा मोकळा करून घेणं, एवढंच त्याचं काम. बाकीचं त्याने आपणहून अंगावर घेतलेलं.

दुसऱ्याच्या ताडपत्रीखालून वाट काढायची नाही, वळसा घालून जायचं. वाळूत रोवलेल्या गळाच्या काठ्या ओलांडायच्या नाहीत. समोरून जाणारा ओळखीचा असो नसो, "ये, खाऊन जा" म्हणायचं. आपल्याला कुणी म्हटलं तर भूक नसली तरी एक घास घ्यायचा. मुख्य भूमीवरून, अमेरिकेतून, येणारे पाहुणे यातलं बरंच चुकत. क्लॅरेन्सने त्यांना कधी दरडावलं नाही. आधी कागदी ताटलीत भात, सॉसेज आणि मॅकरोनीचं सॅलड घेऊन जायचं, शेजारी बसायचं, गाव कुठलं, मुलं किती, ही चौकशी करायची आणि ताटली निम्मी झाली की हळूच म्हणायचं, "त्या काठ्यांना जरा वळसा घालाल का? इथले म्हातारे मनाला फार लावून घेतात."

सगळ्यांत जुना नियम मात्र समुद्राकडे निघालेल्या माणसाचा. त्याला कुठे निघालास, मासे धरायला का, असं विचारायचं नसतं. मासे ऐकतात. एकदा विचारलं की त्या दिवशी हाती काही लागत नाही आणि पुढे गेलंच तर भलतं घडतं. म्हणून ज्याला विचारलं तो माणूस हातातलं सामान खाली ठेवतो, दोन शिव्या हासडतो आणि तंबूत जाऊन झोपतो. जाणाराही शहाणा असतो. "जरा फिरून येतो," एवढंच म्हणतो. बघणारा दुसरीकडे बघतो.

हा नियम क्लॅरेन्सने आयुष्यात एकदाही मोडला नव्हता. त्याचा धाकटा भाऊ रॅन्डल गेला त्या दिवशीही त्याने तो पाळला.

ती गोष्ट गेल्या जुलैतली. कालुहिवांचं कुटुंब दर उन्हाळ्यात सुरूच्या झाडांखालच्या त्याच कोपऱ्यात पाच दिवस मुक्काम करी. क्लॅरेन्स निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्या बायकोला जाऊन सहा. त्यामुळे त्याचं कुटुंब म्हणजे रॅन्डलचंच कुटुंब. रॅन्डल, त्याची बायको डार्लीन आणि त्यांचा मुलगा काइपो. काइपोच्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आले होते म्हणून ती माहेरी होती आणि काइपोही तिच्याजवळ होता. शेजारच्या जागेवर ओहायोतला गॉर्डन नावाचा निवृत्त शिक्षक आपल्या बायकोबरोबर उतरला होता. क्लॅरेन्सला तो आवडला होता. दोन दिवसांत त्याने सगळं उचललं. चपला तंबूबाहेर काढायला लागला, काठ्यांना वळसा घालायला लागला, समोरून जाणाऱ्याला मोडक्या हवाईयन भाषेत जेवायला बोलवायला लागला.

रविवारी उजाडताना क्लॅरेन्स स्टोव्हवर कॉफी करत बसला होता. समुद्र बघायची त्याची सवय होतीच. बराच वेळ पाणी शांत राही, मग दक्षिणेकडून तीन लाटा मागोमाग येत आणि टोकाच्या काळ्या खडकांवर माडाएवढं पांढरं पाणी उडे. पुन्हा शांत. त्याने दोनदा मोजलं. अशा दिवशी टोकावर उतरू नये हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

तेवढ्यात रॅन्डल बाहेर आला. कमरेला जाळीची पिशवी, हातात बोथट सुरा, पायांत खडकावर न घसरणारे, नमद्याच्या तळाचे बूट. हा सगळा सरंजाम ओपिहीसाठीचा. ओपिही म्हणजे लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून राहणारी, बाटलीच्या बुचाएवढी शिंपली. ती काढणारा माणूस समुद्राकडे पाठ करून वाकलेला असतो. मरणाचा मासा, असं तिला जुनी माणसं म्हणत आणि मिटक्या मारत खात.

"काय रे, एवढ्या सकाळी?" असं क्लॅरेन्सच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. पन्नास वर्षं उतरतोय, त्याला दिसत नाही का, असं मनाशी म्हणाला.

त्याच वेळी गॉर्डन शेजारच्या तंबूतून बाहेर आला. रॅन्डलची पिशवी बघून त्याचा चेहरा फुलला. त्याने हात वर केला, तोंड उघडलं. क्लॅरेन्स लगबगीने उठला, उकळती कॉफी कपात ओतली आणि दोघांच्या मध्ये जाऊन ती गॉर्डनच्या हातात कोंबली.

"घ्या, घ्या. गार होईल."

रॅन्डलने ते पाहिलं. काय टळलं ते त्याला कळलं. तो हसला, भावाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जरा फिरून येतो."

तो गेल्यावर क्लॅरेन्सने गॉर्डनला न विचारण्याची रीत समजावून सांगितली. "तुम्ही विचारलं असतंत ना, तर आल्या पावली परत फिरला असता. दिवसभर तुमच्या नावाने बोटं मोडली असती."

"बाप रे," गॉर्डन म्हणाला. "म्हणजे थोडक्यात वाचलो."

रॅन्डल तिसऱ्या दिवशी सापडला.

बुधवारी किनारा रिकामा करायचा होता. गॉर्डन खुंट्या उपटत होता. त्या टाकून तो आला आणि त्याने क्लॅरेन्सचा हात दोन्ही हातांत धरला. "त्या दिवशी तुम्ही मला कॉफी दिलीत," एवढंच बोलला. क्लॅरेन्स म्हणाला, "तुमचा काही दोष नाही. सांभाळून जा." दोष कुणाचा, हे दोघांनीही उच्चारलं नाही. ती गोष्ट जाणणारा दुसरा माणूस विमानात बसून निघून गेला.

पंधरा दिवसांनी काइपोला मुलगी झाली.

या बेटावर मुलाचा पहिला वाढदिवस लग्नापेक्षा मोठा. पूर्वी वर्षभर जगणं हेच अवघड होतं, तेव्हापासूनची चाल. यंदा तो वाढदिवस वाइकोआला करायचा, असं डार्लीनने ठरवलं. क्लॅरेन्सने आडवळणाने नको म्हणून पाहिलं. हॉलमध्ये करू, सावली असते, म्हाताऱ्यांना खुर्च्या असतात.

"क्लॅरेन्स, तू आणि मी पहिलीपासून एका बाकावर," डार्लीन म्हणाली. "मला हॉल-बिल सांगू नकोस. नवरा खाल्ला म्हणून मी त्या समुद्राला घाबरून राहणार नाही. नातीला तिथेच नेणार. बघू दे म्हणावं त्याला."

"बरं," क्लॅरेन्स म्हणाला.

"आणि काइपो ओपिही आणणार आहे. बापासारखं."

त्या क्षणापासून क्लॅरेन्सच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. काइपो चौतीस वर्षांचा. बंदरावर क्रेन चालवायचा. आठवड्यातून एकदा पोहायचा आणि बापाबरोबर आठ-दहा वेळा टोकावर उतरला होता. बापाला पन्नास वर्षं पुरली नाहीत, याला आठ-दहा वेळा काय पुरणार?

शुक्रवारी संध्याकाळी तंबू उभे राहिले. क्लॅरेन्सने आपली ठरलेली रीत वापरून पाहिली. ताटली भरली, काइपोपाशी जाऊन बसला.

"हल्ली बाजारात ओपिही चांगली मिळते म्हणतात."

"अंकल, बाजारातली ओपिही मुलीच्या वाढदिवसाला?" काइपो हसला. "बाबा वर येऊन कानाखाली देतील."

"नाही, म्हणजे पाहुणे खूप आहेत म्हणून म्हटलं."

"तुम्ही डुकराकडे बघा, बाकीचं माझ्यावर सोडा. भट्टीतलं मांस तुमच्याइतकं मऊ कुणाला जमत नाही."

पलीकडच्या जागेवरून म्हातारा हिडेओ हे ऐकत होता. क्लॅरेन्सचा चाळीस वर्षांचा दोस्त, चार काठ्या रोवून बसलेला कोळी. रॅन्डलला पाण्यातून वर काढलं ते त्याच्याच होडीने. "ओपिही नसलेला वाढदिवस म्हणजे नवऱ्याशिवाय वरात," तो म्हणाला. "पोरगा बोलला ते बरोबर आहे. तू उगाच घोडं अडवू नकोस, क्लॅरेन्स."

आणखी काही म्हणायला जावं तर ते विचारल्यासारखंच झालं असतं. क्लॅरेन्स रिकामी ताटली घेऊन उठला.

शनिवारी तो चारलाच उठून बसला. अंधार विरळ झाला तसा समुद्र दिसू लागला. त्याने लाटा मोजल्या. सात लहान, मग एक जरा मोठी. मग सात, मग दोन. मोठी म्हणावी एवढी मोठी होती की नव्हती? एकेकाळी तो नजर टाकून सांगत असे. आता त्याला प्रत्येक लाट मोठी दिसत होती आणि आपल्याला तसं दिसतं हेही कळत होतं. पुन्हा मोजलं. पुन्हा वेगळा आकडा आला.

काइपो बाहेर आला. बापाची जाळीची पिशवी, बापाचा सुरा. डार्लीन चुलीशी वाकली होती. तिने मुलाला पाहिलं आणि रीतीप्रमाणे नजर भांड्यात घातली. हिडेओने तोंड काठ्यांकडे वळवलं.

"येतो जरा फिरून," काइपो म्हणाला.

"काइपो," क्लॅरेन्स म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "ओपिही काढायला चाललास का?"

डार्लीनच्या हातातला चमचा थांबला. काइपो जागच्या जागी उभा राहिला.

"काय म्हणालात?"

"टोकावर चाललास का, ओपिही काढायला?"

ऐकू आलं नव्हतं, असं म्हणायची सोयही क्लॅरेन्सने ठेवली नाही.

हिडेओ उठला. "क्लॅरेन्स, तोंडाला बूच लाव. वेड लागलं का तुला?"

काइपोचा चेहरा लाल झाला. क्षणभर वाटलं तो तसाच पुढे जाईल. पण समोर आई होती, बाजूला हिडेओ होता आणि समुद्राने एक माणूस नेल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याने कमरेची पिशवी सोडली आणि वाळूवर टाकली. सुरा तिच्यावर टाकला.

"लहानपणी मी एकदा बाबांना विचारलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा तुम्ही मला त्या झाडाखाली तासभर उभं केलं होतंत, अंकल. आठ वर्षांचा होतो मी."

"आठवतंय."

"मग?"

काइपो तंबूत गेला आणि त्याने चेन ओढून घेतली.

नऊ वाजेपर्यंत समुद्र ताटासारखा सपाट झाला. टोकाच्या खडकांवर पोरं खेकडे शोधत फिरू लागली. हिडेओ येता-जाता त्या खडकांकडे बघे आणि मग क्लॅरेन्सकडे. तोंडाने काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

पाहुणे अकरापासून यायला लागले. जमिनीतली भट्टी उघडली, मांस मऊ झालं होतं. अळकुड्या कुटून केलेलं पोई होतं, खारवलेला मासा होता, रताळी होती, केक होता. आलेला प्रत्येक जण ताटली घेऊन टेबलाच्या टोकाशी थबके. तिथे ओपिहीची वाटी असायची. डार्लीनची चुलत सासू सरळच बोलली, "ओपिही कुठाय गं?"

"यंदा नाही, आंटी."

"नाही म्हणजे? मुलगा काय करतो?"

"नाही मिळाली," डार्लीन म्हणाली. काइपो तिथेच उभा होता. त्याने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पाण्याकडे तोंड केलं.

क्लॅरेन्सने शहरातून ओपिहीची एक बरणी आणून बर्फाच्या पेटीत तळाशी लपवून ठेवली होती. ती आता त्याने काढली आणि वाटीत ओतायला लागला. डार्लीनने त्याच्या हातातून बरणी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि परत त्याच्या पेटीत ठेवली. हे सगळं तिने पाहुण्यांशी बोलता बोलता केलं, हसत हसत.

चारच्या सुमाराला पाहुणे पांगले. डार्लीन ताटल्या पिशवीत भरत होती. क्लॅरेन्स तिला मदत करायला गेला.

"पोराची मान खाली घातलीस," ती म्हणाली. वर पाहिलं नाही. "का?"

"समुद्र बरा वाटला नाही."

"आजचा समुद्र? आज माझ्या नातीला बसवलं असतं त्या खडकावर."

"मला सकाळी तसं वाटलं नाही."

"मग गेल्या वर्षी काय वाटलं होतं?" ती सहज बोलली होती. टोमणाही नव्हता त्यात. पण क्लॅरेन्सचे हात थांबले. वर्षभर त्याच्या आत जे साचलं होतं ते या एका प्रश्नाला टेकून होतं आणि हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

त्याने सगळं सांगितलं. तीन लाटा. दोनदा मोजल्या ते. ओठांवर आलेलं गिळलं ते. गॉर्डनने उघडलेलं तोंड, मध्ये घातलेला कॉफीचा कप, पाठीवरची थाप. "मी मध्ये पडलो नसतो तर त्या माणसाने विचारलं असतं, डार्लीन. आणि रॅन्डल परत फिरला असता. शिव्या देत, पण फिरला असता."

डार्लीनने पिशवीचं तोंड बांधलं. गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली.

"हे मला कशाला सांगितलंस?"

"तुला कळायला हवं म्हणून."

"मला कळायला हवं, की तुझ्या पोटात राहत नव्हतं?" तिने पिशवी बाजूला सारली. "वर्षभर मी समुद्राला शिव्या घालत होते. रोज सकाळी उठले की घालायचे. त्याने काही बिघडत नव्हतं. समुद्राचं काय जातंय? आता तुझं तोंड दिसेल मला तिथे. तू माझ्या घरी येतोस, माझ्या हातचं खातोस. आता मी काय करू?"



परवाना बुधवार सकाळपर्यंतचा होता. रविवारी सकाळीच डार्लीनने तंबू उतरवायला घेतला. क्लॅरेन्सने एक दोर सोडायला हात लावला तर ती म्हणाली, "राहू दे, आमचं आम्ही करतो." त्या कुटुंबात "आमचं" हा शब्द त्याला वगळून पहिल्यांदाच आला होता.

काइपो ट्रकमध्ये सामान चढवत होता. आईने त्याला सांगितलं होतं की नव्हतं, ते चेहऱ्यावरून कळेना. क्लॅरेन्स ट्रकच्या कडेला जाऊन उभा राहिला.

"काइपो, मी काल जे केलं..."

"अंकल, एक सांगू?" काइपोने पेटी सरकवून नीट बसवली. "तुम्ही मला परत कधी विचारू शकणार नाही. मी आता या किनाऱ्यावर उतरणारच नाही. बेटाला किनारे काय कमी आहेत?"

"एकट्याने जाऊ नकोस एवढंच म्हणतो."

"बघा, पुन्हा विचारताय," काइपो म्हणाला आणि गाडीत बसला.

डार्लीन नातीला घेऊन आधीच पुढच्या सीटवर बसली होती, काइपोची बायको तिच्या शेजारी. गाडी सुरूंच्या रांगेतून बाहेर पडली. मुलीने काचेतून हात हलवला. ती सगळ्यांनाच हलवायची.

दुपारी हिडेओने आपल्या चारही काठ्या उपटल्या आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन रोवल्या. जाताना म्हणाला, "वाऱ्यामुळे. दुसरं काही नाही." वारा त्या दिवशी पडलेला होता.

सोमवारी क्लॅरेन्सने एकट्याने आपला तंबू गुंडाळला, दोन दिवस आधी. जागा झाडून घेतली, कोळसे पाणी घालून विझवले, आपली आणि इतरांचीही झाकणं-बिकणं वेचली आणि घरी गेला. आठवडाभर त्याने डार्लीनला दोनदा फोन केला. वाजत राहिला.

काइपोची सुट्टी शनिवारी असते. त्या शनिवारी उजाडायच्या आधी क्लॅरेन्सने गाडी काढली. वाइकोआ सोडून बेटाच्या या बाजूला ओपिहीसाठी खडकावर उतरता येईल अशा नऊ जागा आहेत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याला त्या सगळ्या माहीत झाल्या होत्या, कुठे पाणी वळतं, कुठे खडक निसरडा आहे, कुठे वर यायला वाट नाही. पहिल्या जागी एकही गाडी नव्हती. दुसऱ्या जागी दोन ट्रक होते, पण ते काइपोचे नव्हते. एक माणूस जाळीची पिशवी बांधत होता. त्याने क्लॅरेन्सला ओळखलं. गोष्ट तिथवर पोचली होती. त्याने झटकन पिशवी पाठीमागे लपवली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

क्लॅरेन्सने खाली पाण्याकडे पाहिलं. मोठ्या लाटा मोजायला लागला, मग मोजणं सोडून दिलं. त्याने काच वर घेतली, गाडी वळवली आणि तिसऱ्या जागेच्या रस्त्याला लागला.